इंजिनातले किट भिंगाखाली

वाचकहो, घरातली खुरासणीच्या तेलाची बरणी उचला आणि तिच्या बुडाशी बोट फिरवून पाहा. बोट चिकटते. तो थर पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, राखेने खसाखसा घासला तर थोडा निघतो. आपण बायका त्याला चिकटा म्हणतो आणि सणावाराच्या आधी एकदा घासून काढतो. तेल तर पाण्यासारखे उडून जात नाही, मग बरणीला हा वाळलेला थर येतो कुठून?

तेल खरे म्हणजे वाळत नाही, ते गुंफले जाते. तेलाचा बारीकातला बारीक कण हा तीन लांब दोऱ्यांच्या झुबक्यासारखा असतो. या दोऱ्यांत काही जागा कच्च्या असतात. तिथे हवेतला प्राणवायू शिरतो आणि एका झुबक्याचा दोरा दुसऱ्याला बांधून टाकतो. असे हजारो झुबके एकमेकांत अडकले की पातळ तेलाची जाळी होते. आधी ती चिकट असते, मग चामड्यासारखी होते आणि शेवटी काचेसारखी कडक. ज्या तेलात कच्च्या जागा जास्त, ते लवकर गुंफते. जवसाचे तेल सर्वांत पुढे, म्हणून तर रंगात आणि दारे-खिडक्यांच्या लाकडाला ते वापरतात. आपल्या वरकस जमिनीतली खुरासणी आणि करडई त्यांच्या मागोमाग. शेंगदाण्याचे तेल बरेच सोशिक, आणि खोबरेल तर जवळजवळ गुंफतच नाही. खोबरेलाची बाटली वर्षभर ठेवली तरी बोटाला फार चिकटत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल.

उष्णता मिळाली की हेच काम झपाट्याने होते. बिडाचा तवा नवा असताना भाकरी चिकटते आणि चार महिने राबला की सुटी येते, ती याच जाळीमुळे. तव्यावर जो काळा गुळगुळीत राप चढतो तो मळ नव्हे, ती तेलाची गुंफलेली चादर आहे. सासूबाई तो तवा कुणाला तारेने घासू देत नसत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तव्याचा गुण ठाऊक होता.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाई, मथळा इंजिनाचा आणि गोष्ट तव्याची! पण आमच्या घरात इंजिनावरून जे भांडण पेटले ते या तव्याच्या ज्ञानानेच विझले, म्हणून ही वाट धरली.

आमचे घर टोकावड्याच्या अंगाला, कल्याण-मुरबाडचा रस्ता माळशेजकडे चढू लागतो त्याच्या अलीकडे. पावसाळ्यात भात, मग वाल-हरभरा, आणि ओढ्याला पाणी आहे तोवर भेंडी-काकडी. भेंडीवर घरात रोख पैसा येतो. दिराजावांची मिळून तीन घरे आणि तिघांत एक जुने पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन. हँडल मारून सुरू करायचे, एका सिलिंडरचे, धबधब धबधब चालणारे. विजेची मोटर आहे, पण वीज आपल्या वेळेवर थोडीच येते! सौर पंप आता गावोगाव येऊ लागले आहेत, आमच्या ओढ्याकाठी मात्र अजून हे इंजिनच. मार्गशीर्षात तेच इंजिन खळ्याजवळ ओढून नेतात आणि पट्टा लावून त्यावर भात भरडतात. म्हणजे अर्धे वर्ष ते तुसात आणि अर्धे वर्ष पाण्यात.

2023 च्या मार्चमध्ये, भेंडी ऐन तोडणीला आलेली असताना, इंजिन बसले. आधी निळा धूर, मग काळा, मग हँडल इतके हलके फिरू लागले की आत काही दाबच उरला नाही हे पोरांनाही कळले. मुरबाडहून मिस्त्री आला. त्याने हेड उतरवले, पिस्टन बाहेर काढला, आणि बारा हजारांच्या घरातला खर्च सांगितला. पिस्टनच्या रिंगा खाचेत अशा घट्ट बसल्या होत्या की नखाने हलेनात.

खर्च ऐकल्यावर दोष कुणाचा हे ठरवायची घाई सुरू झाली. माझ्या पुतण्याने आदल्या उन्हाळ्यात डिझेलमध्ये करंजेल मिसळून इंजिन चालवले होते, तीन वाट्यांत एक वाटा. ओढ्याकाठी करंज भरपूर, बिया फुकटच्या, घाण्यावरून तेल काढून आणले की डिझेलचे पैसे वाचतात असा त्याचा हिशेब. पंचवीस वर्षांचा पोर, काही नवे करून पाहावेसे वाटणारच. थोरले दीर, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते सगळ्यांसमोर बोलले, "गुराच्या खरजेला लावायचं तेल यानं इंजिनात ओतलं. भरपाई यानंच करायची." पुतण्या म्हणाला, "करंजेल बंद करून आठ महिने झाले, तेव्हा नाही बिघडलं ते आताच कसं बिघडलं?" शब्दाने शब्द वाढला. पोर दोन दिवस जेवायला घरी आला नाही. आणि मग आमच्याकडे असे झाले की जो शब्द निघतो तो शब्द निघाला, वाटण्या. विहीर कुणाची, ओढ्याचे पाणी कुणाचे, इंजिन विकून पैसे वाटून घ्या, इथवर मजल गेली.

मी मिस्त्रीला म्हटले, भाऊ, साफ करण्याआधी मला प्रत्येक जागेचे किट थोडे थोडे खरवडून द्या, वेगवेगळ्या पुड्यांत. तो हसला, पण दिले. चार पुड्या झाल्या: नोझलचे तोंड, पिस्टनचा माथा, रिंगांची खाच, आणि हवा आत घेण्याच्या एअर क्लीनरच्या वाटीतला गाळ. जुने नोझल तर मी अख्खेच मागून घेतले. मी ज्या शाळेत शिकवले तिथल्या मुख्याध्यापकांना विचारून रविवारी प्रयोगशाळा उघडून घेतली. दादा आणि पुतण्या दोघांनाही बरोबर नेले, एकमेकांशी न बोलता एकाच रिक्षातून.

इथे थोडे यंत्राविषयी सांगते, कारण तुमच्या गावच्या शाळेतही बहुधा हेच यंत्र कपाटात असते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून वर येतो. कांद्याच्या पापुद्र्याला ते ठीक, पण लोखंडातून आणि कोळशातून प्रकाश कसा जाणार? नुसता काळा डाग दिसतो. म्हणून जाड वस्तू पाहायची तर आरसा झाकायचा आणि बाजूने, अगदी तिरप्या अंगाने, बॅटरीचा झोत टाकायचा. उंचवट्याच्या सावल्या पडतात आणि सगळा डोंगर-दऱ्यांचा प्रदेश समोर उभा राहतो. भुकटी असेल तर ती चिमूटभर घेऊन आधी पेट्रोलच्या दोन-तीन थेंबांत धुवायची, म्हणजे ओले तेल निघून जाते, मग वाळवून काचपट्टीवर पसरायची. हे काम उघड्यावर करा, आणि बिडी-काडी दूर ठेवून.

नोझल मोठ्या यंत्राखाली मावेना. मग फुले चिरून पाहायचे साधे यंत्र काढले. त्यात वस्तू वीसपट दिसते, आणि नोझलला ती पुरते. नोझलच्या टोकाला बारीक भोके असतात, एका मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. त्यांतून डिझेल प्रचंड दाबाने धुक्यासारखे फवारले जाते. आमच्या नोझलला तीन भोके होती. प्रत्येक भोकाभोवती काळ्या किटाची गोल भिंत उगवलेली, बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली, थेट धोतऱ्याच्या फुलासारखी. एका फुलाचे तोंड अर्धे मिटले होते. म्हणजे तिथून धुके निघत नव्हते, धार निघत होती. धार जळत नाही, ती सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन आपटते. पुतण्याने डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही.

आतल्या सुईवर वेगळाच प्रकार. ही सुई तिच्या नळीत इतकी नेमकी बसते की मधली फट मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन-तीन भाग. आपला केस सत्तर भागांच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना करा. सुईवर मधाच्या रंगाची पातळ पारदर्शक साय होती, आणि तिला भेगा पडलेल्या, उन्हाळ्यात तळे आटल्यावर मातीला पडतात तशा. मी म्हटले, ही साय मी रोज पाहते. कढईच्या बाहेरच्या अंगाला, ओघळ सुकतो तिथे. वनस्पतीचे तेल तापून गुंफले की असेच दिसते.

दादांचा चेहरा फुलला. पण पुड्या अजून तीन होत्या.

पिस्टनच्या माथ्यावर काजळी होती. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, ती प्रत्येक इंजिनात असते. काळ्या कापसाचे पुंजके दिसतात. काजळीचा एकेक कण मात्र या यंत्राला कधीच दिसायचा नाही. मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातले दोन ते पाच भाग एवढाच तो असतो, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची नजर त्याच्या अलीकडेच थकते. त्यासाठी इलेक्ट्रॉनचे सूक्ष्मदर्शक लागते. ते 1931 साली जर्मनीत पहिल्यांदा बनले आणि आपल्याजवळ पवईच्या आयआयटीत आहे. त्या यंत्राला जोडलेले दुसरे उपकरण किटात कॅल्शियम किती, जस्त किती हेही सांगते. काजळीत जे राखाडी पांढरे ठिपके दिसतात, ती बहुतेक वंगणाच्या तेलात कारखान्याने घातलेल्या औषधांची राख असते. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे, आणि वंगण जळाले की ही राख मागे उरते.

रिंगांच्या खाचेतले किट चारशेपट मोठे करून पाहिले. तिथे तोच मधाच्या रंगाचा गोंद होता, पण त्यात काही चमकत होते. काचेच्या कपच्यांसारखे धारदार तुकडे, गोंदात रुतलेले. काही तुकड्यांना आकार-उकार नव्हता, ती साधी रस्त्याची धूळ. पण काहींवर उंचवट्यांच्या सरळ रांगा होत्या, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या, आणि एकेका उंचवट्याला दोन शेंडे. हे मी कुठेतरी पाहिले होते.

मग चौथी पुडी, एअर क्लीनरच्या वाटीतला गाळ. ही वाटी म्हणजे इंजिनाचे नाक. आत येणारी हवा वाटीतल्या तेलावरून वळून जाते आणि धूळ तेलात अडकते. खुणेपर्यंत स्वच्छ तेल असले तरच हे घडते. गाळ धुऊन पाहिला तर रांगाच रांगा, दोन शेंड्यांचे उंचवटे, मधे बारीक केसही. मी पुतण्याला बाहेर पाठवून शिपाईमामांच्या घरून मूठभर तूस आणवले आणि त्याचा एक तुकडा काचपट्टीवर ठेवला. अगदी तेच. भाताच्या तुसाच्या बाहेरच्या अंगावर या रांगा असतात, गव्हाच्या कोंड्यात असल्या दिसत नाहीत.

तूस जळून जायला हवे होते, ना? पण तूस पुरते जळत नाही. त्याचा पाचवा हिस्सा राख उरते आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे काचेचाच भाऊबंद. भाताचे रोप ती जमिनीतून पाण्याबरोबर ओढून घेते आणि तुसात साठवते. म्हणून तर तुसाची राख भांड्याला चकाकी आणते, दाताला लावली तर दात झिजवते, आणि तुसाचा विस्तव संपला तरी राखेत तुसाचा आकार तसाच राहतो. मी तिथेच चिमूटभर तूस चमच्यात जाळून राख भिंगाखाली धरली. रांगा होत्या तशाच.

भरडाईच्या महिन्यात इंजिन दादांच्या ताब्यात असते. एअर क्लीनरच्या वाटीत कार्तिकापासून तेल बदलले नव्हते, ते चिखल होऊन बसले होते. दादांनी दोन्ही काचपट्ट्या आळीपाळीने पाहिल्या. काही बोलले नाहीत. आमच्या थोरल्या जाऊबाई घरी ही हकीकत ऐकून एवढेच म्हणाल्या, "म्हणजे गोंद पोराचा आणि वाळू तुमची."

आणि खरोखर तसेच होते. करंजेल न जळता भिंतीवरून खाली उतरले आणि वंगणात मिसळून गोंद झाले. ते बंद केल्यावर आठ महिने इंजिन चालले, कारण गोंदावर नुसती काजळी बसली तर रिंग कशीबशी हलते. मार्गशीर्षात त्या गोंदाला तुसाची काच येऊन चिकटली, रिंगा जाम झाल्या आणि लायनर ओरखडला. नुसते तूस असते तर बरेचसे धुराबरोबर निघून गेले असते आणि झीज सावकाश झाली असती. दोघांपैकी एकटा कोणी इतक्या लवकर इंजिन बसवू शकला नसता. खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा केला. भेंडीच्या चार तोडण्या हातच्या गेल्या त्या गेल्याच. वाटण्याही पुढच्या वर्षी झाल्या, पण त्या इंजिनावरून झाल्या नाहीत आणि पाणी अजून एकत्र आहे.

पुतण्याच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. त्याची कल्पना काही वेडगळ नव्हती. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्याकडे 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या तेलाची शिफारस केली तेव्हा बांधाबांधावर मोगली एरंड लागला होता, तुमच्यापैकी अनेकांना तो आठवत असेल, आणि त्यातून काय पदरात पडले तेही. अडचण अशी की कच्चे वनस्पती तेल डिझेलच्या दहापट दाट असते. त्याचे धुके नीट होत नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात आणि भोकांवर धोतरा फुलतो. रासायनिक क्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढले तर ते पातळ होते, त्याला बायोडिझेल म्हणतात. ते काम घाण्यावर होत नाही आणि घरी करू नये. त्यात विषारी आणि पेट घेणारी रसायने लागतात.

आता तुमच्या इंजिनासाठी दोन-चार गोष्टी. सूक्ष्मदर्शक नसले तरी वंगणाची परीक्षा घरी होते. इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर टाका आणि रात्रभर आडवा ठेवा. डाग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला तर तेल अजून कामाचे. मधे काळाकुट्ट गोळा आणि बाहेर नुसते तेलाचे कडे राहिले तर तेलाची घाण वाहण्याची ताकद संपली, ते बदला. कडा करवतीसारख्या दातेरी आल्या तर पाणी शिरले असण्याचा संभव. दर महिन्याचा कागद तारीख घालून जपून ठेवला की तुलना करता येते. रेल्वे आपल्या डिझेल इंजिनांच्या वंगणाची अशीच नेमाने तपासणी करते, फक्त मोठ्या यंत्रांवर, आणि तेलात कोणता धातू वाढला त्यावरून कोणता भाग झिजतो आहे हे इंजिन न खोलता ओळखते.

नोझलची भोके सुईने किंवा पोलादी तारेने कधीही कोरू नका, भोक वाकडे झाले की नोझल फेकायचेच. पितळी ब्रश वापरावा. नोझलची फवारणी तपासताना समोर हात तर मुळीच धरू नये, ती धार कातडी फोडून आत शिरते आणि वरून बारीक टोचल्यासारखे दिसत असले तरी बोट गमवायची पाळी येते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने वनस्पती तेलाचा चिकटा सुटतो, कारण सोडा त्याचा साबणच करून टाकतो. कढई आणि बरणीला हा उपाय उत्तम. पण पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, त्याला सोडा आणि विशेषतः कॉस्टिक खाऊन टाकते. ज्या बायकांनी अॅल्युमिनियमचे पातेले सोड्यात उकळून काळे करून घेतले आहे त्यांना हे सांगायला नको.

कढईचे निघाले म्हणून आणखी एक. वडे तळून तळून दाट झालेले, फेस धरणारे तेल म्हणजे कढईत चालू झालेली हीच गुंफण. तेलात बिघडलेला भाग शंभरात पंचवीसहून जास्त झाला तर ते खाण्यास वापरू नये असा सरकारी नियम 1 जुलै 2018 पासून आहे. घरी ते मोजता येत नाही, पण गार झाल्यावर तेल बोटांत ताणले जाऊ लागले की ते माणसाच्या पोटातही जाऊ नये आणि इंजिनाच्याही.

आमचे इंजिन पुन्हा चालते आहे. यंदाच्या भरडाईला ते खळ्यापासून दहा पावले दूर, वारा येतो त्या अंगाला ठेवले होते, आणि एअर क्लीनरची वाटी रोज संध्याकाळी धुण्याचे काम दादांनी आपणहून आपल्याकडे घेतले आहे. डिझेल मात्र ते अजून कुणालाच भरू देत नाहीत.